बत्तीस, बावीस की नऊ एमएम? हँडगनच्या कॅलिबरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवाना नुकताच मंजूर झालेले, मंजुरीची वाट पाहणारे, वडिलांचं रिव्हॉल्व्हर नावावर करून घेणारे आणि मुलांना नेमबाजीच्या रेंजवर घालू पाहणारे पालक, असे चार प्रकारचे लोक आम्हाला कॅलिबरबद्दल विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे नुसता क्रमांक दिला आहे. कोणतं कॅलिबर चांगलं, यावर दोन परवानाधारकांचं एकमत होत नाही. आमचीही मतं आहेत, आणि जिथे मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

१. कॅलिबर आणि बोअर एकच का? ".३२" म्हणजे नेमकं काय मोजलेलं असतं?

बोलण्यात दोन्ही एकच. नळीच्या आतल्या व्यासाचं ते माप, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. .३२ म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, साधारण ८ मिमी. पण नावावर मोजपट्टी लावायला जाऊ नका. .३२ ची गोळी प्रत्यक्षात ०.३१२ इंचाची (७.९ मिमी) असते आणि .३८ ची ०.३५७ इंचाची. नावं जुनी, परंपरेनं चालत आलेली.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नुसत्या कॅलिबरवरून काडतूस कळत नाही. पुंगळीची (दारू भरलेल्या पितळी नळकांड्याची) लांबी, बुडाची कड आणि आतला दाब यांनी काडतूस ठरतं. दुकानात ".३२ द्या" म्हणणं म्हणजे कापडाच्या दुकानात "निळं द्या" म्हणण्यासारखं. नळीवर कोरलेलं पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव जुळलं पाहिजे.

२. भारतात साध्या परवान्यावर हँडगनमध्ये कोणती कॅलिबर मिळतात?

नव्यात तीनच धरून चाला: .३२ स्मिथ अँड वेसन लाँग (रिव्हॉल्व्हर), .३२ एसीपी (पिस्तूल, यालाच ७.६५ म्हणतात) आणि .२२ लाँग रायफल. रायफलचं नाव असलं तरी .२२ चं हेच काडतूस पिस्तुलात आणि रिव्हॉल्व्हरमध्येही चालतं.

सरकारी कारखान्यांची हत्यारं बाजारात सर्वांत जास्त दिसतात. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर, त्याचीच २०१४ मध्ये आलेली हलकी आवृत्ती 'निर्भीक', २०२३ मध्ये आलेलं बाजूला सिलिंडर उघडणारं 'प्रबळ', .३२ पिस्तूल 'अशनी' आणि .२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर 'निडर'. याशिवाय जुन्या आयात मालात .२५ एसीपीची खिशात मावणारी पिस्तुलं आणि वेबली, वॉल्थर, ब्राउनिंगची .३२ पिस्तुलं हातोहात फिरत असतात. सामान्य माणसाला हँडगन आयात करणं १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे जुन्या विदेशी हत्यारांच्या किमती गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेवर ठरतात. चाळीस वर्षं जुन्या जर्मन पिस्तुलाला नव्या भारतीय रिव्हॉल्व्हरच्या कित्येक पट पैसे मोजायचे की नाही, हा हौसेचा प्रश्न आहे, उपयोगाचा नाही.

३. नऊ एमएम का मिळत नाही? ते तर जगात सगळ्यात जास्त चालतं.

चालतं, आणि तेच कारण आहे. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित बोअरची व्याख्या आहे. ज्यात .३८० किंवा .४५५ इंची कडेची काडतुसं, किंवा सैन्य वापरातली ९ मिमी अथवा .४५ इंची बिनकडेची काडतुसं बसून उडू शकतात, अशी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित. सैन्य आणि पोलीस जी काडतुसं वापरतात ती बाहेरच्या हत्यारात बसू नयेत, हा त्यामागचा विचार. इथे काडतुसाच्या ताकदीचा संबंध नाही, साठ्याचा आहे. म्हणूनच .४५ एसीपीसारखं संथ काडतूस बंद आणि काही बाबतींत त्याहून जोरकस .३५७ मॅग्नम वेगळ्या रांगेत, असा विचित्र प्रकार दिसतो (प्रश्न १४ पाहा).

प्रतिबंधित बोअरचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देत नाहीत. तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडून येतो. "ओळखीनं करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

४. .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावं की .३२ पिस्तूल? काडतूस एकच ना?

काडतूस एकच नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यासाठी पुढचा प्रश्न वेगळा ठेवला आहे.

रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग १८९६ चं आहे. पुंगळी लांब, बुडाला पूर्ण कड, ९८ ग्रेनची (सुमारे ६.३५ ग्रॅम) शिशाची गोल टोकाची गोळी. पिस्तुलाचं .३२ एसीपी जॉन ब्राउनिंगनं १८९९ मध्ये आणलं. पुंगळी आखूड, कड अर्धवट, गोळी ७१ ग्रेनची (४.६ ग्रॅम), तांब्याच्या कवचातली.

आता आमचं मत. वर्षातून दोन-तीनदाच हत्यार बाहेर काढणाऱ्या माणसानं रिव्हॉल्व्हर घ्यावं. काडतूस उडालं नाही तर चाप पुन्हा ओढायचा, सिलिंडर पुढचं काडतूस आणतं. मॅगझिनची (काडतुसांच्या पेटीची) स्प्रिंग नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची ताकद लागत नाही, आत काडतूस आहे की नाही हे उघडताच दिसतं. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) एक काडतूस राहतं, आणि घरात सुटणाऱ्या गोळ्यांचं सर्वांत मोठं कारण हेच विसरलेलं एक काडतूस आहे. क्रम उलटा झाला की अपघात होतो: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबर रिकामा करायचा. उलट केलंत तर स्लाइड मॅगझिनमधलं नवं काडतूस आत घेते आणि तुम्हाला वाटतं की हत्यार रिकामं आहे.

पिस्तुलाच्या बाजूनं तीन गोष्टी आहेत. ते चपटं असल्यानं कपड्याखाली फुगत नाही. मॅगझिनमध्ये साधारण आठ काडतुसं बसतात, रिव्हॉल्व्हरमध्ये सहा. आणि चाप हलका असतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि त्या ओढण्यात नेम डावीकडे-खाली जातो (डावखुऱ्यांचा उजवीकडे-खाली). नियमित रेंजवर जाणाऱ्यानं पिस्तूल खुशाल घ्यावं. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांनी दोन्ही हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण एकात चाप आडवा येतो आणि दुसऱ्यात स्लाइड.

५. पिस्तुलाचं .३२ काडतूस माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतंय. मारलं तर चालेल का?

नाही. बसतं, कारण दोन्ही पुंगळ्यांचा व्यास सारखा आहे आणि एसीपीच्या अर्ध्या कडेवर ते कसंबसं टेकून राहतं. पण .३२ एसीपीचा अमेरिकी मानकातला कमाल दाब २०,५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे आणि .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचा १५,०००. म्हणजे एसीपीचा दाब एक तृतीयांशाहून अधिकानं जास्त. आपल्याकडची बरीच .३२ रिव्हॉल्व्हर वेबलीच्या घाटाची आहेत, मधे बिजागरी आणि वर खटका. जास्त दाबाची काडतुसं सतत मारली की आधी खटक्यात खेळ येतो, मग बिजागरी ढिली होते, आणि शेवटी सिलिंडर नळीशी सरळ रेषेत येईनासा होतो. शिवाय कड लहान असल्यानं रिकाम्या पुंगळ्या नीट बाहेर पडत नाहीत.

उलट दिशेनं प्रश्नच येत नाही, लाँग काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मावत नाही. जुनं आखूड .३२ स्मिथ अँड वेसन मात्र लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं. मिळालं तर.

६. .३२ फारच कमजोर आहे असं सगळे म्हणतात. आकडे काय सांगतात?

गोळीचं वजन आणि वेग यांवरून येणारी नळीच्या तोंडाशीची ऊर्जा, ढोबळ मानानं:

.२२ लाँग रायफल (४० ग्रेन): आखूड नळीतून १०० ज्यूलच्या आसपास
.२५ एसीपी (५० ग्रेन): ८५
.३२ लाँग (९८ ग्रेन): १४५ ते १५०
.३२ एसीपी (७१ ग्रेन): १७० ते १७५
.३८ स्पेशल (१५८ ग्रेन): २७०
९ मिमी (१२४ ग्रेन): ४९०
.४५ एसीपी (२३० ग्रेन): ४८०

नळी आखूड झाली की आकडा उतरतो. तेव्हा हो, बत्तीस हे नऊ एमएमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे. "फुसकं" मात्र नाही. शिशाची सव्वासहा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशेहून जास्त मीटर वेगानं निघते. ती दाराच्या प्लायवूडमधून आणि पार्टिशनच्या भिंतीतून आरपार जाते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं "कमजोर" हा शब्द वापरण्याआधी शेजारच्या खोलीत कोण झोपतं हे आठवावं.

७. मग "स्टॉपिंग पॉवर"चं काय? मोठं कॅलिबर असतं तर बरं, असं नाही का?

हा वाद अमेरिकेत शंभर वर्षं चालू आहे. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले आणि खापर ९ मिमी काडतुसावर फुटलं. एफबीआय १० मिमीकडे वळली. त्याचा झटका अनेकांना झेपेना, म्हणून १९९० मध्ये त्याचीच आखूड आवृत्ती .४० स्मिथ अँड वेसन आली आणि अमेरिकी पोलिसांत पसरली. पंचवीसेक वर्षांनी एफबीआय पुन्हा ९ मिमीवर आली. कारण सरळ होतं: गोळ्या सुधारल्या होत्या आणि नऊ एमएमनं लोक जास्त अचूक व जास्त वेगानं मारत होते.

आपल्या संदर्भात यातून एवढंच घ्यायचं की ज्या कॅलिबरनं तुमचे सातपैकी सहा राऊंड कागदावर लागतात ते तुमचं कॅलिबर. आणि कायद्याचा भाग वेगळाच आहे. खासगी बचावाच्या हक्काची कलमं भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क उरत नाही, मग कॅलिबर कोणतंही असो.

८. हलकं रिव्हॉल्व्हर बाळगायला सोपं. झटका फार वाढतो का?

वाढतो, आणि हिशेब घरबसल्या करता येतो. .३२ लाँगची गोळी ६.३५ ग्रॅम, वेग २१५ मीटर प्रति सेकंद. त्यात जळलेल्या दारूच्या वायूचा धक्का धरला की एकूण संवेग १.५५ न्यूटन-सेकंदाच्या आसपास जातो. ७०० ग्रॅमचं नेहमीचं रिव्हॉल्व्हर त्यानं सुमारे २.२ मीटर प्रति सेकंद वेगानं मागे येतं, ५०० ग्रॅमचं टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' ३.१ नं. हाताला बसणारा धक्का चाळीस टक्के वाढला. 'निडर'चं वजन २५० ग्रॅमच्या आसपास असल्यानं त्याचं .२२ सुद्धा हातात उडी मारतं. ".२२ ला झटका नसतो" हे जड स्पोर्ट पिस्तुलापुरतं खरं.

बत्तीसचा झटका हलक्या हत्यारातही सहन होण्यासारखाच असतो. त्रास होतो तो मुठीचा. मूठ लहान असेल तर करंगळी खाली लोंबकळते, हत्यार हातात फिरतं आणि प्रत्येक राऊंडनंतर पकड नव्यानं जुळवावी लागते. दुसरा राऊंड वर जाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. हात मोठा असेल तर ७०० ग्रॅमवालं घ्या.

९. .२२ स्वसंरक्षणासाठी चालेल का?

आम्ही सुचवत नाही, आणि ऊर्जा हे त्याचं दुय्यम कारण आहे. मुख्य कारण पेटण्याचं. .२२ चं काडतूस कडेतून पेटतं. पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत स्फोटक मसाला फिरवून बसवलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा बसत नाही. घोड्याची टोची नेमकी कोरड्या जागी पडली की काडतूस उडत नाही. तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा घातलं तर बऱ्याचदा उडतं. सरावात ही गंमत, अडचणीच्या वेळी नाही. बत्तीसमध्ये टोपी (स्फोटक मसाल्याची छोटी वाटी) बुडाच्या मधोमध असते, तिथे हे फार क्वचित होतं.

.२२ रिकामं असताना चाप ओढत बसू नका. टोची थेट चेंबरच्या काठावर आपटते, काठ दबतो आणि पुढे पुंगळ्या अडकायला लागतात. डमी (नकली) काडतूस घालूनच कोरडा सराव, म्हणजे गोळी न मारता नुसता चाप ओढण्याचा सराव, करा.

१०. मुलगी नेमबाजी शिकायची म्हणते. कुठल्या कॅलिबरपासून सुरुवात?

४.५ मिमी एअर पिस्तूल, दहा मीटर. शंका नको. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, आवाज नगण्य, खर्च कमी आणि चुका लगेच दिसतात, कारण झटक्यावर ढकलता येत नाहीत. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर हत्याराला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल यात आरामात बसतं. चापाचं वजन स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम, पिस्तुलाचं कमाल दीड किलो.

वर्ष-दीड वर्षानं २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल, .२२. तिथे चाप किमान एक किलो. ६० राऊंड: तीस संथ, तीस झटपट, ज्यात लक्ष्य तीनच सेकंद दिसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. पुण्यात बालेवाडी आणि मुंबईत वरळी इथे पंचवीस मीटरच्या रेंज आहेत. .२२ चं हत्यार आणि काडतुसं घरी आणायची तर परवाना आणि वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. तोवर क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव होतो.

बत्तीस खेळातही आहे, हे अनेकांना माहीत नसतं. पुरुषांच्या २५ मीटर सेंटर फायरमध्ये (मधोमध टोपी असलेल्या काडतुसांच्या प्रकारात) ७.६२ ते ९.६५ मिमीची मुभा असताना बहुतेक जण .३२ लाँगच घेतात, सपाट तोंडाच्या गोळीसह. ती कागदाला पंचनं पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पाडते. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणानं याच प्रकारात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. ज्याला आपण घरगुती, जुनाट समजतो ते काडतूस जगातल्या सर्वांत अचूक पिस्तूल काडतुसांपैकी आहे.

११. माझं .३२ पिस्तूल मधेच अडकतं. दोष काडतुसाचा की हत्याराचा?

तीन जागा बघा. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल तर बहुधा मनगट ढिलं आहे. ही पिस्तुलं स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर चालतात, हात मागे गेला की स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. घट्ट पकडून पाच राऊंड मारा, अडकणं थांबलं तर हत्यार ठीक आहे.

स्लाइड पुढचं काडतूस उचलतच नसेल तर मॅगझिनचे ओठ वाकलेत किंवा स्प्रिंग थकली आहे. मॅगझिन पक्कडीनं "सरळ" करू नका, नवं घ्या.

तिसरा प्रकार खास .३२ एसीपीचा. अर्धी कड असल्यानं वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोघं एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी काडतूस पुढे सरत नाही. आखूड गोळीच्या काडतुसांत हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा उरते. मॅगझिन काढा, वरून काडतुसं एकेक बाहेर घ्या, पुन्हा भरा. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना, हे अंगठ्यानं चाचपा.

१२. चाप ओढला आणि नुसतं "टक" झालं, किंवा आवाज फुसका आला. आता?

नुसतं "टक" झालं तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबा. टोपी उशिरा पेटण्याची शक्यता असते. मग काडतूस काढून वेगळं ठेवा.

आवाज फुसका आला तर पुढचा राऊंड मारायचाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते किंवा फाटते. हत्यार पूर्ण रिकामं करा, मागून उजेड दाखवून नळीतून बघा. रिव्हॉल्व्हरमध्ये कधी गोळी अर्धी सिलिंडरात, अर्धी नळीत अडकते आणि हत्यार उघडतच नाही. जबरदस्ती न करता नळी सुरक्षित दिशेला ठेवून शस्त्र कारागिराला बोलवा.

१३. काडतुसं किती वर्षं टिकतात? आम्ही रत्नागिरीला राहतो.

कोरड्या जागी दशकभर सहज टिकतात, दमट हवेत त्याची खात्री नाही. पितळेच्या तांब्याला चढतो तसा पुंगळीला हिरवट कळंक चढतो. हलका, पुसून जाणारा डाग चालतो. खड्डे पडले असतील, टोपीभोवती हिरवं जमलं असेल, गोळी बोटानं हलत असेल, तर ते काडतूस मारू नका. परवानाधारक डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा.

चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवणं ही सर्वांत वाईट सवय. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल पितळ खातं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या, बास. पावसाळ्याआधी पुड्या बदला. काडतुसांना तेल लावू नका, ते टोपीत झिरपतं.

भारतीय काडतुसांच्या बुडावर केएफ ही अक्षरं दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीची, इंग्रजांच्या उच्चारातल्या किर्कीची. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे.

१४. .३८, .३८० एसीपी, .३५७: यातलं कोणतं प्रतिबंधित, कोणतं नाही?

गोंधळ नावांचा आहे. नियमातलं .३८० हे कडेचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरचं काडतूस. .३८० एसीपी, ज्याला ९ मिमी शॉर्ट म्हणतात, बिनकडेचं आहे आणि ९ मिमीच्या लष्करी काडतुसाहून दोन मिलिमीटर आखूड. दोन्ही वेगळी. पण कारकुनाच्या टेबलावर ".३८" किंवा "९ मिमी" एवढंच वाचलं जातं आणि अर्ज परत येतो. .३५७ मॅग्नमची गोळी .३८ स्पेशलइतकीच जाड असते आणि .३८ स्पेशल काडतूस त्यात चालतं, त्यामुळे तिथेही शंका काढली जाते.

पैसे देण्याआधी हत्याराचं पूर्ण नाव, काडतुसाचं पूर्ण नाव आणि मिलिमीटरमधलं माप लिहून परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या. डीलरचं "चालतं हो" हे लेखी उत्तर नव्हे. आणि काडतुसं मिळणार कुठून, हा प्रश्न उरतोच. नावाला परवानगी, वर्षाला दहा राऊंडही मिळत नाहीत, अशी हत्यारं कपाटात शोभेला पडून आहेत.

१५. आजोबांचं .४५५ वेबली घरात आहे. नावावर होईल का?

साध्या परवान्यावर नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे (प्रश्न ३). परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवणं बेकायदा ठरतं, मग ते चालू असो की गंजलेलं. विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा, पावती घ्या, मग वारसाहक्काचा अर्ज. हत्यार .३२ असेल तर मार्ग सोपा आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे कमाल दोन बंदुका, आणि वारसाची त्यात मोजली जाते.

१६. वर्षाला मोजकीच काडतुसं मिळतात. सराव कसा करायचा?

एका वेळी किती आणि वर्षात किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. वाढवून हवं असेल तर रेंजचं सदस्यत्व दाखवून अर्ज करता येतो. तोवर महत्त्वाचा सराव कोरडाच असतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, हत्यार दोनदा तपासा, डमी घाला, भक्कम भिंतीकडे तोंड करा. समोरच्या साइटवर (नळीच्या टोकाकडच्या नेम धरायच्या खुणेवर) एक रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढा. नाणं पडलं नाही की ओढणं सरळ. रोज वीस वेळा.

जिवंत काडतुसं पाच-पाचच्या गटात मारा, सात मीटरवरून, प्रत्येक गटानंतर कागद बघून. पन्नास एका दुपारी संपवण्यापेक्षा दर महिन्याला दहा बरी. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत मारलेला राऊंड सरावात धरला जात नाही, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

१७. हॉलो पॉइंट गोळी .३२ ला मिळाली तर घ्यावी का? आणि रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरता येतात का?

हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर उमलणारी गोळी. तिला उमलायला वेग लागतो, .३२ लाँगकडे तो नाही. पिस्तुलात ती आखूड असल्यानं अडकण्याचा त्रास वाढतो (प्रश्न ११). पुंगळ्या पुन्हा भरणं म्हणजे काडतूस तयार करणं, त्याला निर्मितीचा परवाना लागतो. करू नका.

१८. मी अमेरिकेत एच-१बी वर आहे. तिथे नऊ एमएम घेऊ शकतो का?

सर्वसाधारणपणे नाही. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. अपवाद थोडे, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. मित्राचं पिस्तूल रेंजवर हातात घेणंही यात येतं, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. ग्रीन कार्डधारकांना हा अडथळा नाही, राज्याचे नियम मात्र वेगवेगळे. ब्रिटनमध्ये विचारूच नका: स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर १९९७ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडात .२२ सकट हँडगन बंद आहेत.

१९. रेंजवरून आल्यावर बॅगेत एक काडतूस राहिलं आणि विमानतळावर सापडलं तर?

गुन्हा दाखल होतो, परवाना असला तरी चौकशी चुकत नाही. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे पुढे कोर्टात सांगता येतं, विमान मात्र चुकतं. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कधीच एक ठेवू नका.

२०. जुनं .३२ रिव्हॉल्व्हर विकत घेतोय. काय तपासू?

आधी उघडून रिकामं आहे हे बघा, मग हत्यारावरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशी जुळवा. नळीतून उजेडाकडे बघा. शिशाचे राखाडी पट्टे ब्रशनं निघतात, गंजाचे खड्डे निघत नाहीत.

घोडा अंगठ्यानं अगदी हळू चढवा. घोडा पूर्ण चढण्याच्या क्षणी किंवा त्याआधी सिलिंडर "कट" करून अडकला पाहिजे. सहाही चेंबरला हे करून बघा, पाच ठीक आणि सहावा मागे राहतो असं जुन्या हत्यारात सर्रास आढळतं. घोडा चढलेला असताना त्याला मागून अंगठ्यानं दाबा, पडला तर सौदा तिथेच थांबवा. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट ०.१ ते ०.२५ मिमी असावी. मोटार मेकॅनिककडची फीलर गेज पट्टी चालते. फट मोठी असेल तर बाजूनं शिशाचे कण उडतात आणि शेजारी उभ्या माणसाच्या हातावर बसतात. शेवटी हत्यार बंद करून मूठ एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून वरखाली हलवा. बिजागरीत खडखड ऐकू आली, तर आधीच्या मालकानं त्यात पिस्तुलाची काडतुसं मारलेली असण्याची दाट शक्यता आहे (प्रश्न ५).